निळ्या पोर्टाशेजारचं वायफाय

दारव्ह्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन गावोगाव कापसाचा वेचा सुरू झाला होता, त्या दिवसांत जवळच्याच एका गावाहून काकाजींचा फोन आला. "भाऊ, ते वायफायचं बारकं बटन खराब झालं वाटते. पोरीचा क्लास मधातच बंद पडते. चांगल्यातलं नवीन घेऊन या."

आता चांगल्यातलं कोणतं, हे घर पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून वेगवेगळे वायफाय ॲडॅप्टर, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात लावून वायफाय पकडणारी ही 'बटनं', पिशवीत टाकले आणि निघालो.

राउटर रस्त्याकडच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि भिंती मातीच्या, दीड हात जाड. अशा ठिकाणी मी आधी साधी लॅनची वायर सुचवतो, कारण तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण काकाजी म्हणाले, "टाकून पाह्यली जी. खालून उंदरं ठेवत नाहीत, कवेलूवरून नेली त वांदरं." वायरचा विषय तिथंच संपला.

मुलगी तलाठी भरतीची तयारी करते. तिला विचारलं, नेमकं कधी तुटतं? ती म्हणाली, "लेक्चर हार्ड डिस्कवर कॉपी करतो ना, तवाच जास्त." या एका वाक्यावर माझे कान टवकारले. कॅबिनेटच्या मागं वाकून पाहिलं. बाहेरची हार्ड डिस्क निळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी ३.० मध्ये, आणि तिला अगदी खेटून नखाएवढा ॲडॅप्टर.

कमांडच्या काळ्या खिडकीत राउटरला पिंग लावून ठेवलं, म्हणजे राउटरला हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. दोन मिलिसेकंद, तीन, दोन, असं छान चाललं होतं. तिला म्हटलं, आता एक फाइल कॉपी कर. कॉपी सुरू होताच आकडा शेकड्यांत गेला आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी खाली उतरू लागल्या. कॉपी थांबवली, पुन्हा दोन-तीन. काकाजी खाटेवरून उठून स्क्रीनपाशी येऊन उभे राहिले.

यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिटचा. एवढ्या वेगाने डेटा धावताना पोर्ट, वायर आणि डिस्कमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्कचं काम सुरू झालं की शेजारच्या ॲडॅप्टरला राउटरचं ऐकूच येत नाही. त्यात लोखंडी कॅबिनेटची आड.

यूएसबी २.० ची दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर काढली, तोच ॲडॅप्टर पुढच्या काळ्या पोर्टातून लांब नेऊन भिंतीतल्या देवळीत ठेवला. कॉपी चालू ठेवूनही पिंग तुटेना. बटन शाबूत होतं.

वेग मात्र कमीच. कनेक्शन ४० एमबीपीएसचं, मिळत होते ९. इथं खरा प्रश्न निवडीचा होता. मुलीच्या भावाने मोबाइलवर '१२००' लिहिलेला ॲडॅप्टर हेरून ठेवला होता. खोक्यावरचा हा आकडा बेरजेचा असतो: वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ८६७, मग वर ओढून १२००. दोन्ही पट्टे एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि यांचा राउटर तर फक्त २.४ चा. म्हणजे ८६७ चे पैसे वाया. राउटर दोन्ही पट्ट्यांचा आणि त्याच खोलीत असता, तर मीच ५ वाला घ्यायला लावला असता; हा गोंगाट त्या पट्ट्याला त्रास देत नाही. पण जाड भिंतींतून ५ लवकर दमतो, २.४ पार जातो.

म्हणून फक्त २.४ चा, ३०० वाला, बाहेर अँटेना असलेला साधा ॲडॅप्टर त्याच वायरला लावला. अँटेना उभी केली, ३१ मिळाले. याहून महाग वस्तू त्या घरात विकणं मला पटलं नसतं.

एक गोष्ट मी प्रत्येक घरी करतो. ॲडॅप्टरच्या आत रिअलटेकची चिप आहे की मीडियाटेकची, तिचा नंबर काय, ते बिलावर लिहून देतो. एकाच नावाच्या ॲडॅप्टरमध्ये कंपन्या मधूनच चिप बदलतात, आणि ड्रायव्हर, म्हणजे ॲडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, चिपचा लागतो. तो 'डी' ड्राइव्हवर ठेवतो. नाहीतर विंडोज नव्याने टाकल्यावर ड्रायव्हरसाठी नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर, असा पेच पडतो. ड्राइव्हच उडाला तर मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडून यूएसबी टेथरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, हेही सांगितलं. मुलीने लगेच फोन जोडला, वायफाय बंद करून त्या वाटेने नेट येतं का ते बघितलं आणि सेटिंग कुठं सापडते ते वहीत उतरवून घेतलं.