रुकीचं लाल लायसन्स, अडीच महिने आणि एक खिडकी

‘आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे’ असा इंटरनेट कंपनीचा मेसेज मला अडीच महिन्यांत पाच वेळा आला. पाचही वेळा घरात काडीचाही फरक पडलेला नव्हता. आज आयरेसिंग या ऑनलाइन कार रेसिंगच्या खेळात माझं लायसन्स रुकीचं, म्हणजे नवशिक्याच्या पहिल्या पायरीचं, त्यावरचं डी झालंय, नावापुढची लाल पट्टी जाऊन नारिंगी आलीय, आणि तरी त्या दिवसांचं नाव काढलं की आधी तो मेसेजच आठवतो. म्हणून सगळं लिहून काढतोय. घरून ऑनलाइन रेसिंग सुरू केलंय आणि सेफ्टी रेटिंग, म्हणजे किती स्वच्छ चालवता त्याचे गुण, जागचं हलत नाही, असा कुणी असेल तर त्याचे अडीच महिने वाचावेत.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. दिवसभर हिशेबाचं काम, रात्री जेवणं आटोपली की साडेनऊपासून तासभर माझा. स्टिअरिंग आणि पेडल सेकंडहँड, भाच्यानेच शोधून दिलेलं. भाचा मांजलपूरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे, वयाने माझ्या निम्मा. पण या खेळात तो जुना आणि मी नवा. त्याचं लायसन्स बी, हिरवं, रुकीच्या तीन पायऱ्या वर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रुकीचं सेफ्टी रेटिंग २.५० ला सुरू होतं, ३.०० झालं की डी मिळतं. चाकं रस्त्याबाहेर गेली की १ इन्सिडंट, गाडीवरचा ताबा सुटला की २, दुसऱ्या गाडीशी जोरात धडक झाली की ४. किती वळणं पार केलीत आणि त्यात असे किती इन्सिडंट झाले, यावर रेटिंग हलतं. चूक कुणाची हे बघतच नाहीत. देणाऱ्याला चार, खाणाऱ्यालाही चार. सरावात कितीही स्वच्छ चालवा, त्याचं रेटिंगमध्ये काही धरत नाहीत.

मी २.६० आणि २.८५ च्या मध्ये अडकलो. वर गेलो की दोन दिवसांत खाली. बहुतेक रेस मज्दा एमएक्स-५ या गाडीच्या, आणि त्यात लगुना सेका आलं की माझी हमखास धडक. कॅलिफोर्नियातला हा ट्रॅक १९५७ चा. कॉर्कस्क्रू नावाचं त्याचं उतरतं वळण सगळ्यांना माहीत असतं, पण नव्या माणसाचा घात तिथे होत नाही. होतो सुरुवातीलाच, दुसऱ्या नंबरच्या अँड्रेटी हेअरपिनला. सगळ्या गाड्या एकत्र ब्रेक मारतात, वळण डावीकडे गच्च वळतं, आणि मागून कुणीतरी येऊन आदळतो. माझं ठाम मत झालं होतं की ही लाल पट्टीवाली नवी मंडळी बेफाम आहेत, त्यांच्यातून सुटलो की प्रश्न सुटला.

रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याला एकामागून एक रिप्ले दाखवले. म्हटलं, “बघ, हा कसा अंगावर आला.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, हे तुझ्या कॉम्प्युटरवरचं चित्र आहे. त्याच्या रिप्लेमध्ये कदाचित तूच त्याच्या अंगावर गेला असशील.”

तेव्हा मला राग आला होता. नंतर एका रेसच्या चॅटमध्ये निळ्या, म्हणजे ए लायसन्सवाल्या कुणीतरी मला लिहिलं की तुझी गाडी ब्लिंक होते आहे, म्हणजे मध्येच गायब होऊन भलतीकडे दिसते, इंटरनेटची लाइन तपास. इतकंच. ना शिवी, ना तक्रार. मग मी त्या रेसचा रिप्ले त्याच्या दृष्टीने बघितला. हेअरपिनला तो माझ्या मागे दोन गाड्यांचं अंतर ठेवून होता. बाजूने घुसायला जागा होती तरी घुसला नाही. लाल पट्टीवाला दुसरा घुसला आणि आम्ही दोघंही गेलो. जुना खेळाडू आणि नवा खेळाडू यांत फरक काय, ते मला त्या दहा सेकंदांत दिसलं. वेगात भाचा माझ्याहून एका लॅपला सेकंदभरही पुढे नाही. पण पुढच्या गाडीत काहीतरी बिनसलंय हे त्याला ती गाडी आदळायच्या आधी कळतं.

म्हणजे बेफाम लोकांमधला एक मीच होतो, आणि कारण माझ्या हातात नव्हतं, वायरीत होतं.

इथून पुढे इंटरनेट कंपनीचं ऑफिस.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक पट्ट्या असतात, त्यांतली ‘क्यू’ची पट्टी म्हणजे पाठवलेली पाकिटं, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे माहितीचे तुकडे, किती पोचतात ते. माझी पट्टी रात्री खाली यायची, पुन्हा चढायची. भाच्याने सांगितलं, पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणाऱ्या वेळाचं, मनावर घेऊ नकोस. फ्रँकफर्टचा सर्व्हर इथून सहा हजार किलोमीटरहून लांब. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साठेक मिलिसेकंद कुणीही कमी करू शकत नाही. माझं पिंग दीडशेच्या आसपास असायचं. ते स्थिर असेल तर सॉफ्टवेअर अंदाज बांधून गाडी नीट दाखवतं. पाकीटच हरवलं तर अंदाज चुकतो. ताशी १५० ने जाणारी गाडी एका सेकंदात चाळीस मीटरहून जास्त जाते. दशांश सेकंदाचा अंदाज चुकला की गाडी चार मीटर भलतीकडे.

आधी वायफाय काढून राउटरला सरळ लॅन केबल जोडली. हे सगळ्यात आधी करा, नाहीतर पुढे प्रत्येक जण तुम्हाला वायफायवरच अडवेल. मग रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहाला पाचशे पिंग, म्हणजे चाचणीची पाकिटं, मारून किती हरवली ते वहीत लिहायला लागलो. राउटरपर्यंत नुकसान शून्य. बाहेर सकाळी शून्य, दुपारी शून्य, रात्री तीन टक्के, कधी चार.

ही वही घेऊन इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. टोकन, चाळीस मिनिटं, मग काउंटर. तिथल्या मुलाने वही उघडलीही नाही. म्हणाला, “स्पीड केटली आवे छे?” म्हटलं, स्पीड शंभरच्या जवळ येते, प्रश्न स्पीडचा नाही. “तो पछी शुं प्रॉब्लेम छे, साहेब?” मी पाकिटांचं सांगायला लागलो, तोवर त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला होता. तक्रार घेतली, ‘स्लो इंटरनेट’ या खात्यात. दुसरं खातंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला माणूस आला. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, ९४ आली, मला दाखवली आणि ओटीपी मागितला. मी दिला. तक्रार बंद, मेसेज हजर.

ओटीपी देऊ नका. हे मला आधी लिहायला हवं होतं. तो ओटीपी म्हणजे तुमची सही, की काम झालं. माझ्या पहिल्या दोन तक्रारी माझ्याच ओटीपीने बंद झाल्या. पुढच्या तीन ओटीपीशिवायच बंद झाल्या, त्याला माझा इलाज नव्हता. पण त्या तिन्हींचे मेसेज मी जपून ठेवले आणि पुढे तेच कामी आले.

स्पीड टेस्टमध्ये का दिसत नव्हतं, तेही सांगतो, कारण मला कुणीच सांगितलं नाही. फाइल उतरवताना पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. रेसमध्ये पुन्हा मागवायला वेळ नसतो. ते येईपर्यंत गाडी कितीतरी मीटर पुढे गेलेली असते.

ऑफिसात मी एकूण चार वेळा गेलो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून. एकाने राउटर बदलून दिला. एकाने महागडा प्लॅन घ्या म्हणून सांगितलं. मी विचारलं, “रात्री दहाला कुणी येऊन बघेल का? बिघाड रात्रीच होतो.” उत्तर, रात्री फिल्डची माणसं नसतात. आणि दिवसा येणाऱ्या प्रत्येकाला लाइन ठणठणीत दिसायची. ताप असलेलं पोर डॉक्टरसमोर खेळायला लागतं, तसं. माझी चीड या एकाच गोष्टीची आहे. चार माणसं घरी येऊन गेली आणि एकानेही माझ्या वहीतल्या तीन रकान्यांकडे नजर टाकली नाही. सकाळ शून्य, दुपार शून्य, रात्र तीन. कारण तिथेच लिहिलेलं होतं.

पाचव्या मेसेजनंतर मी अपील केलं. दूरसंचार कंपन्यांना तक्रार केंद्राच्या वर अपील अधिकारी ठेवावाच लागतो, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार, आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. पाचही तक्रारींचे डॉकेट नंबर, बंद झाल्याचे मेसेज आणि वहीच्या पानांचे फोटो जोडले. खाली एकच मागणी लिहिली: माणूस रात्री नऊनंतर पाठवा.

दोन दिवसांनी रात्री सव्वानऊला बेल वाजली. पन्नाशीचे लाइनमनभाई, खांद्याला पिशवी. स्पीड टेस्ट केलीच नाही. डब्यातून वायर काढून पॉवर मीटरला लावली, वायरीतून प्रकाश किती पोचतो ते तो मोजतो. उणे २९.४. “सत्तावीसथी नीचे ना जवुं जोईए,” म्हणाले. मग हाताने वायर चाचपत चाचपत खिडकीपर्यंत गेले. वायर खिडकीच्या फटीतून आत आलेली. एप्रिलपासून आम्ही रात्री जेवणं झाली की एसी लावतो, त्यासाठी खिडकी सरकवून बंद करतो. त्यांनी खिडकी उघडली आणि मीटर माझ्यासमोर धरला. उणे २०.१. खिडकी बंद केली, पुन्हा २९. तीन वेळा करून दाखवलं. सरकत्या काचेच्या चौकटीखाली वायर काटकोनात मुडपत होती. ती सरळ करून त्यांनी पांढऱ्या टेपच्या खालचा चपटा झालेला भाग मला बोटाला लावून दाखवला. “आने बंगडी जेटलो वळांक जोईए, साहेब. एनाथी नानो नहीं.”

बांगडीएवढं वळण. काचेची तार त्याहून जास्त मुडपली की आतला प्रकाश बाहेर गळतो.

त्यांनी तो तुकडा कापला, नवं टोक बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी भिंतीला भोक पाडून वायर तिथून आत घेतली. त्यांना मी चहा दिला, वही दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली. ओटीपी मी स्वतःहून दिला.

त्या रात्री पाचशेपैकी पाचशे. क्यूची पट्टी भरलेली. हिला बोलावून दाखवली, तिलाही आनंद झाला, कारण अडीच महिने तिनेही हेच ऐकलं होतं.

त्यानंतर डी मिळायला अकरा दिवस लागले. ते दिवस सोपे गेले. लाइन नीट झाल्यावर ज्या धडका उरल्या त्या खरोखर माझ्या होत्या, आणि त्या कमी करायला भाच्याने दोन सवयी लावल्या. हेअरपिनला पहिल्या लॅपमध्ये स्वतःच्या नेहमीच्या खुणेच्या आधी ब्रेक, दोन जागा गेल्या तर जाऊ दे. आणि गाडी गरकन फिरली की ब्रेक दाबून जागेवर थांब. नवा माणूस घाबरून ब्रेक सोडतो, गाडी घरंगळत रस्त्याच्या मध्ये येते आणि मागच्यांना कळत नाही कुठून जायचं. उभी गाडी चुकवता येते. हिरव्या-निळ्या पट्टीची माणसं हे न सांगता करतात. ज्या रेसला ३.०० ओलांडलं तीत मी आठवा आलो आणि इन्सिडंट शून्य. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मामा, आठवा नको सांगू, शून्य सांग.”

परवा डीच्या रेसमध्ये माझ्या पुढची एक गाडी सरळ रस्त्यावर एकदम एक हात उजवीकडे दिसली आणि पुन्हा जागेवर. मी ब्रेकवर पाय आणला, दोन गाड्यांचं अंतर केलं आणि चार लॅप तसाच मागे राहिलो. रेस संपल्यावर त्याला लिहिलं: तुझी गाडी ब्लिंक होते आहे. लॅन केबलवर असशील तर वायर घरात कुठून आत येते ते बघ.