होडीने कबीरवड

आज मित्रमंडळीसह बडोद्याहून कबीरवड, म्हणजे नर्मदेतल्या बेटावरचं भलंमोठं वडाचं झाड. भरूचपर्यंत रेल्वे, तिथून शुक्लतीर्थकडे रिक्षा, पुढे नर्मदेतून होडी. जायचं तर भरती बघून जा. समुद्राच्या भरतीचा जोर इथवर पोचतो; ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो, होडी वाळूत रुतते. अशा वेळी इंजिन बंद करून बांबूनेच रेटायची, नाहीतर पंख्याचं पातं गेलंच म्हणून समजा. सगळ्यांनी फोटोसाठी एकाच बाजूला झुकायचं नाही. पावसाळ्यात सरदार सरोवरातून पाणी सोडलं की होड्या बंदच.

कबीरांनी टाकलेल्या दातवणाचा हा वड, अशी आख्यायिका. मूळ खोड शोधत बसू नका, पारंब्याच रुजून खोडं झाल्यात. सूफींनाही आपला वाटणारा हा निर्गुणी, म्हणजे निराकार देव मानणारा कवी, आणि त्याच्या नावाच्या झाडाखाली वेफर्सची पाकिटं! परतीची शेवटची होडी उतरतानाच विचारून ठेवा.