२८६ मीटरवरचा समुद्रकिनारा: पुळण समजून जाऊ नका

स्वीडनच्या 'होगा कुस्तेन'ला, म्हणजे उंच किनाऱ्याला जायच्या आधी मी जे काही वाचलं, त्यात सगळीकडे 'जुना किनारा' हाच शब्द होता. कोकणातला माणूस किनारा म्हटलं की वाळूची पुळण डोळ्यांसमोर आणतो. मीही तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी पायांची वाट लागली.

स्कुलेस्कोगेन राष्ट्रीय उद्यानात स्लोत्तदाल्सबेर्गेट डोंगराच्या उतारावर जुन्या किनाऱ्याचे पट्टे लागतात. वाळूचा कण नाही. नुसते गोटे, नारळापासून कलिंगडाएवढे, लाटांनी घासून गोल केलेले. आपल्या घसाऱ्यात, म्हणजे सुट्या मातीखड्यांच्या उतारावर, पाय घसरतो, इथे गोटाच फिरतो आणि घोटा मुरगळतो. वर दगडफुलासारखं शेवाळ. पहाटे पाऊस पडून गेला होता, त्यामुळे ते साबणासारखं झालं होतं. तेवढ्या पट्ट्याला मला पाऊण तास लागला. पाऊस पडून गेला असेल तर तिथे जाऊच नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

पुढे स्लोत्तदाल्सस्क्रेवान, सुमारे ४० मीटर खोल आणि २०० मीटर लांब घळ. सह्याद्रीत नाळेच्या, म्हणजे अरुंद घळीतून चढणाऱ्या, वाटा केलेल्यांना अवघड नाही, पण तळाशी धोंडेच धोंडे, म्हणून काठी घडी करून सॅकला लावा आणि हात मोकळे ठेवा. या लाल ग्रॅनाइटमध्ये काळ्या खडकाची एक उभी भिंत घुसलेली होती. ती ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजली आणि घळ मोकळी झाली.

घळीच्या भिंतीला टेकून बसलो तेव्हा खरी गोष्ट अंगावर आली. मला वाटायचं, समुद्र खाली गेला. उलट आहे. हिमयुगात इथे जवळजवळ तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन दबली आणि तिच्याखालचा मऊ, तापलेला खडक बाजूला सरकला. बर्फ वितळला तसा तो खडक परत येऊ लागला, जमीन वर उठू लागली. वितळलेल्या पाण्याने जगभरचे समुद्र वाढत होते, तरी इथली जमीन त्यांच्यापेक्षा वेगाने उठली. अजूनही ती वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर उठते. इथला सगळ्यात उंच जुना किनारा आज समुद्रापासून २८६ मीटरवर आहे आणि माझ्या पायाखालचा डोंगर २८० मीटरचा, म्हणजे माथ्यासकट तो एकेकाळी पाण्याखाली होता! पाय ठणकत असूनही मी तिथून तासभर हललो नाही.

हे सगळं एका नजरेत बघायचं तर स्कुलेबेर्गेट डोंगराकडे जा. त्याच्या डोक्यावर झाडांची टोपी आहे. तेवढा भाग कधी बुडाला नाही, म्हणून तिथली माती राहिली. खालच्या उतारांवरची माती लाटांनी धुऊन नेली. उन्हाळ्यात वर जायला खुर्च्यांची लिफ्ट असते. गुडघे दुखत असतील तर हाच दिवस ठेवा, उद्यान सोडून द्या.



पैशांचं सांगतो. अर्नशोल्ड्सविकपर्यंत रेल्वे आहे. तिथून उद्यानापर्यंत एका टॅक्सीवाल्याने ठरलेल्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे घेतले, आणि परतीचं वाहन ठरलेलं नसल्याने वाद घालायची सोय नव्हती. भाडं लिहून घ्या, परतीचंही. चौघं असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, सह्याद्रीतल्यासारखं तासांत मोजा आणि गोट्यांच्या पट्ट्याला दुप्पट वेळ धरा. घोटा झाकणारे बूट हवेतच. आणि ते गोटे एकावर एक रचू नका, खिशात तर अजिबात घालू नका. लाटेने सोडले तिथेच ते हजारो वर्षं पडून आहेत.