तुम्ही विचारलंत म्हणून: एवढीशी पोर कोड कशी फोडेल?

माझ्या किशोर कादंबरीतली नायिका १९ वर्षांची आहे आणि दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात शत्रूचे एनिग्मा या यंत्रानं सांकेतिक केलेले संदेश फोडते. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "एवढ्या पोरीला असलं काम कोण देईल? जरा मोठी दाखवायचीत."

अहो, दिलं होतं! तिथंच संदेश फोडणाऱ्या खऱ्याखुऱ्या मेव्हिस लीव्हरचा जन्म १९२१ चा. एका लांबलचक इटालियन संदेशात 'एल' हे अक्षर एकदाही नाही, हे तिनं हेरलं. एनिग्मात कुठलंच अक्षर स्वतःच्या रूपात बाहेर पडत नाही. म्हणजे तिकडच्या कंटाळलेल्या ऑपरेटरनं चाचणीचा संदेश म्हणून नुसतं 'एल'च दाबत ठेवलं होतं. त्यावरून यंत्राच्या नव्या चक्राची जोडणी उलगडली. समोरचा माणूस आळशी असणारच, ही खात्री विशीच्या आत जितकी पक्की असते तितकी पुढे राहत नाही, असं माझं मत.

पण खरं सांगू? तिच्या वयाचा त्रास मलाही होतो. मार्च १९४१ मध्ये डिली नॉक्स या ब्लेचलीतल्या अनुभवी कोडफोड्याच्या हाताखाली तिनं इटालियन नौदलाचा संदेश फोडला. त्यातून ब्रिटिश आणि इटालियन आरमारांची मटापनची लढाई झाली. तीन क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या, सुमारे २,३०० इटालियन खलाशी गेले. पुढे ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम नॉक्सच्या हाताखालच्या या मुलींचे आभार मानायला स्वतः आले. खोलीच्या भिंतींना नुकताच चुना दिला होता. आणि या पोरींचा डाव काय, तर बोलता बोलता साहेबांना मागे सरकवायचं आणि त्यांच्या गडद निळ्या गणवेशाची पाठ ओल्या भिंतीला टेकवायची! हे मेव्हिसनंच पुढे सांगितलंय.

संपादक म्हणाले, हे पान काढा, नायिका उथळ वाटते. मी भांडले. उथळ कसली, १९ वर्षांची वाटते! पहिला खर्डा लिहिणारी मी तर आणखी पुढची होते. मुलांची गोष्ट आहे, शत्रू मुसोलिनीचा आहे, हसू देत की पोरींना, असं म्हणून बुडालेल्यांचा आकडा मी घातलाच नव्हता. आता घातलाय. तरी ती जुनी मी अधूनमधून विचारते, की ज्यांनी एकही बुडता माणूस पाहिला नाही, त्यांच्या गळ्यात हा आकडा तू का बांधतेस? मला उत्तर सुचत नाही.

पहिल्या आवृत्तीत आकडा चुन्याच्या प्रसंगानंतर होता. दुसऱ्या आवृत्तीत तो आधी घेतला. तिसरी निघालीच, तर बहुतेक पुन्हा हलवेन.