जोग्जाचा राजवाडा, आणि शर्टापायी गेलेली सकाळ

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्ताच्या रस्त्यावर कुणी गोड हसून ‘आज क्राटन बंद आहे’ असं सांगितलं तर थांबू नका. आभार माना आणि चालत राहा. दार खरंच बंद असेल तर ते दारापाशी गेल्यावर दिसेलच. आम्ही थांबलो आणि त्यात आमचे दोन दिवस गेले.

क्राटन म्हणजे सुलतानाचा राजवाडा. तिथले लोक शहराला लाडानं जोग्जा म्हणतात. 1755 साली मातारामचं राज्य दोन भागांत वाटलं गेलं, तेव्हा सुलतान पहिले हामेंगकुबुवोनो यांनी हा राजवाडा बांधायला घेतला. आज त्यांच्याच वंशातले दहावे सुलतान गादीवर आहेत आणि तेच या प्रांताचे राज्यपालही आहेत. मी साताऱ्याची. आमच्या जुन्या राजवाड्यात शाळा भरायची, ती पाहतच लहानाची मोठी झाले. त्यामुळे ज्या वाड्यात राजा अजून राहतो, सेवक अजून अनवाणी कामाला येतात आणि सकाळी गामेलान हा घंटा-झांजांचा वाद्यमेळ वाजतो, तो एकदा पाहायचाच, हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. व्हिसा, विमान, हॉटेल यांत सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं.

रविवारी सकाळी मालियोबोरो या बाजाराच्या रस्त्यावरून आम्ही दोघं चालत दक्षिणेकडे निघालो होतो. नीटनेटके कपडे घातलेला एक गृहस्थ बरोबरीनं चालू लागला. कुठून आलात, मुलं किती, अशा गप्पा झाल्या. मग म्हणाला, “राजवाड्यात आज समारंभ आहे, बंद आहे. उद्या या. जवळच बाटिकचं प्रदर्शन आहे, त्याचा मात्र आज शेवटचा दिवस.” आम्ही गेलो. प्रदर्शन कसलं, दुकानच होतं. चहा आला, मेण कसं लावतात ते दाखवलं. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी ह्यांच्यासाठी एक शर्ट पसंत केला. तपकिरी रंग आणि त्यावर तिरक्या ओळींत लाटांसारखी वळणं. दुकानदार म्हणाला, “पारांग! राजाची नक्षी!” मी त्याला दोनदा सांगितलं, “हा घालून आम्ही उद्या राजवाड्यात जाणार.” तो हसून मान हलवत राहिला.

सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. आठवड्याची सुट्टी सोमवारीच असते. म्हणजे रविवारी उघडं असताना बंद सांगितलं आणि बंद असतं त्या दिवशी या म्हणाला. तो दिवस कोटागेडेच्या चांदीकामाच्या गल्ल्यांत गेला. छान आहेत, पण माझं मन तिथे नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळचं परतीचं विमान होतं. हे नवा शर्ट घालून, भांग पाडून तयार झाले. तिकिटं काढली, आत पाऊल टाकणार एवढ्यात दारापाशी बसलेले एक वृद्ध सेवक उठले. निळ्या-काळ्या बारीक पट्ट्यांचं जाकीट, खाली बाटिकचं वस्त्र, डोक्याला ब्लांगकोन हे पागोटं, पाय अनवाणी. या सेवकांना ‘अब्दी दालेम’ म्हणतात. “नुवुन सेवु,” म्हणजे माफ करा, असं म्हणत त्यांनी कमरेत वाकून ह्यांच्या शर्टाकडे अंगठा केला. तिकडे बोट रोखणं असभ्य समजतात, अंगठ्यानं दाखवतात. आम्हाला काहीच कळेना. मग इंग्रजी जाणणाऱ्या एका मुलीनं सांगितलं: पारांग ही राजघराण्याची नक्षी आहे, पाहुण्यांनी ती अंगावर घालून राजवाड्यात यायचं नाही.

हे एकदम ओशाळले. म्हणाले, “अगं, तू जाऊन ये, मी इथे झाडाखाली बसतो.” मी कशी जाणार? तीस वर्षांचा शर्ट आणला मी, आणि माणूस बाहेर बसणार?

आमचं हॉटेल तुगू नावाच्या स्मारकस्तंभाच्याही पलीकडे, उत्तरेला. मालियोबोरोचा रस्ता एकेरी, गाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडेच येतात. म्हणजे जायचं तर वळसा घालूनच. त्यापेक्षा जवळपास शर्ट मिळेल म्हणून मी एकटी बाहेर पडले. टपरीमागून टपरी पालथी घातली. जिकडेतिकडे बाटिक, आणि निम्म्यावर तीच तिरकी नक्षी! पहिला शर्ट हातात घेऊन दाराशी गेले, आजोबांनी मान हलवली. दुसऱ्यावर ठिपके वाटले म्हणून आणला, तर ठिपक्यांच्या मागे बारीक तिरक्या रेघा निघाल्या. तेही नाही चालणार. डोक्यावर ऊन, पाठीला घाम, आणि कुंपणापलीकडून गामेलानचे ठोके ऐकू येत होते. ज्यासाठी इतक्या लांब आले ते आत चाललं होतं आणि मी बाहेर शर्ट उलटेपालटे करत होते. मला अक्षरशः रडू आलं.

राग मला त्या आजोबांचा मुळीच नव्हता. ते दरवेळी तितक्याच नम्रपणे वाकून नाही म्हणत होते. नियमाचाही नव्हता. 1927 साली आठव्या सुलतानांनी दरबारी वेशाचे नियम लेखी काढले. कुणी कोणती नक्षी नेसायची हे त्यात ठरलेलं आहे. बाहेर आज कुणीही पारांग घालतो, पण राजवाड्याच्या आत तो मान अजून राखला जातो. हे मला आवडलं. राग होता त्या दुकानदाराचा. ‘राजाची नक्षी’ म्हणून त्यानं भाव वाढवला, म्हणजे नियम त्याला पाठ होता. ‘ताई, हा तिथे चालत नाही’ एवढं एक वाक्य बोलला असता तर मी त्याच्याकडूनच दुसरा शर्ट घेतला असता. आणि तो शर्ट छापील निघाला, हे आणखी वर. मेणानं हातानं काढलेल्या बाटिकचा रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ह्यांचा शर्ट आतून पांढुरका होता. तुम्ही घ्याल तेव्हा उलटा करून बघाच.

शेवटी एका म्हातारीच्या दुकानात साधा गडद निळा शर्ट मिळाला. आजोबांनी तो पाहिला आणि हसून म्हणाले, “मोंग्गो.” या, या. दीड तास गेला होता. गामेलान संपून वादक वाद्यांवर कापड घालत होते.

आत मात्र जे पाहिलं त्यानं जीव निवला. वाळूची अंगणं, त्यांत सावो केचिकची झाडं. चिकूच्या कुळातली आहेत. नावाचा मेळ ‘सार्वो बेचिक’शी घालतात, सर्व चांगलं असो. मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, तो ‘सर्व’ ऐकून अंगावर काटा आला. वाटाड्यानं शेपट्या गुंतलेल्या दोन नागांची गोष्ट सांगितली: ‘द्वि नाग रासा तुंगाल’. दोन नाग, भावना एक. मी चालता चालता आकडे मांडले. द्वि दोन, नाग आठ, रस सहा, तुंगाल म्हणजे एक. आपल्या जुन्या पोथ्यांतल्यासारखं उजवीकडून डावीकडे वाचलं की 1682! पहिले सुलतान राजवाड्यात राहायला आले ते जावानीज वर्ष. वाटाड्या टाळी वाजवून हसला. 1633 साली मातारामचे सुलतान आगुंग यांनी इस्लामी चांद्र वर्ष स्वीकारलं, पण वर्षांची मोजणी शकाचीच पुढे चालू ठेवली. इसवी सन 1756 म्हणजे आपल्याकडे शके 1678. चांद्र वर्ष लहान म्हणून ते चार वर्षं पुढे गेले.

एका गोष्टीनं मात्र मान खाली गेली. जून 1812 मध्ये जावाचा तेव्हाचा इंग्रज कारभारी रॅफल्स याच्या फौजेनं हा राजवाडा फोडला आणि ग्रंथालय लुटलं. त्या फौजेत बंगालचे हिंदी शिपाई होते. जावानीज लोक त्या लढाईला आजही ‘गेगेर सेपेही’ म्हणतात, शिपायांचा हलकल्लोळ. पोथ्या लंडनला गेल्या. 2019 साली त्यांपैकी 75 पोथ्यांच्या डिजिटल प्रती सुलतानांकडे आल्या. मूळ पोथ्या तिकडेच आहेत.

आठवलं तसं सांगते. दारं दोन आहेत, आणि तिकिटंही वेगळी. उत्तरेच्या मोठ्या मैदानालगतचा पागेलारान हा दर्शनी भाग पाहून बरेच जण राजवाडा झाला समजून परत जातात. मुख्य भागाचं दार केबेन नावाच्या अंगणाच्या बाजूला आहे, पश्चिमेकडून वळून जावं लागतं. टोपी आत काढावी लागते. सकाळी उघडताच जा, दुपारी लवकर आवरतात. पारांगचा नियम ओढणीला आणि स्टोललाही आहे, बायकांनो. बेचाकवाला, म्हणजे सायकलरिक्षावाला, अगदी थोड्या पैशांत फिरवतो म्हणाला तर वाटेत दुकानं आहेत असं धरून चाला. आणि वाटाड्या घ्या, नाहीतर नाग नुसतेच नाग दिसतील.

नवव्या सुलतानांच्या संग्रहालयापर्यंत पोचलो तेव्हा घंटा झाली. 1946 ते 1949 या काळात नव्या इंडोनेशिया देशाची राजधानी त्यांच्या या शहरात होती. त्या माणसाच्या वस्तू मला सावकाश पाहायच्या होत्या. पाच मिनिटं मिळाली. बाहेर पडताना आजोबा तिथेच बसले होते. ह्यांनी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. पारांगचा शर्ट पिशवीत घडी करून होता. घरी आल्यावर हे तो गणपतीच्या आरतीला घालतात, छान दिसतो. पण माझा तो दीड तासाचा गामेलान राहिलाच आहे.