गाऱ्हाणे घालून सोडलेली दारू

देवगडच्या एका मच्छीमार सोसायटीत मी डिझेलचा हिशेब लिहितो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खलाशांच्या हाताला काम नसते आणि गोव्याची हद्द जवळ असल्यामुळे स्वस्त बाटली गावात सहज पोहोचते. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही, कारण बंदी नसतानाही मी पीतच होतो. शेवटच्या तीन वर्षांत तर सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय मला नोंदवहीत सही करता येत नसे.

एका सोमवारी सकाळी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून मी दारू एकदम बंद केली. "देवाक गाऱ्हाणां घातलां, आता सुटतली," असे आई म्हणाली आणि मलाही ते पटले. मंगळवारी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीवर वाजत राहिला. रात्री पडवीच्या भिंतीवरून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, उतरताना दिसू लागल्या. मी त्या झाडूने लोटत होतो आणि बायको बॅटरी मारून भिंत कोरडी असल्याचे पुन्हा पुन्हा दाखवत होती. बुधवारी पहाटे आकडी आली. जीभ दातांखाली सापडली, एवढेच मला आठवते.

रुग्णालयात माझा भाऊ लाजेपोटी "उपास होता, चक्कर आली" असे सांगत राहिला. बायकोने खरे सांगितले, तेव्हा कुठे उपचारांना दिशा मिळाली. (या लाजेचा मला आजही दारूइतकाच राग येतो.) डॉक्टरांनी समजावले ते असे: रोजच्या दारूने मेंदूचे काम मंदावते, म्हणून मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो, दारू अचानक थांबली की ती उत्तेजना आवरायला काही उरत नाही. कंप आणि घाम काही तासांतच सुरू होतात, आकडी बहुधा पहिल्या 48 तासांत येते आणि त्यानंतर भ्रम इतका वाढू शकतो की माणूस दगावतो. मला ग्लुकोजच्या सलाईनआधी ब-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि कंप आवरणाऱ्या गोळ्या दिवसागणिक कमी करत आणल्या.

पुढे डायसल्फिरामची गोळी सुरू झाली, तीही मला आणि बायकोला सगळे नीट सांगून. ती घेत असताना दारू प्यायल्यास चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि गोळी थांबवल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा मी आधी वाचतो. तरीही ओढ गोळीने जात नाही. होड्या लागल्यावरची संध्याकाळ मला अजून जड जाते, म्हणून त्या वेळी मी मुलीचा अभ्यास घेतो.

2019च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे नोंदले आहे. मला तो आकडा मुळीच फुगवलेला वाटला नाही, कारण आमच्या बंदरावर व्यसनासाठी डॉक्टर असतो हेच कुणाला ठाऊक नव्हते.

गेल्या महिन्यात एक खलाशी डिझेलच्या पावतीवर अंगठा उठवताना थरथरत होता. "उद्यापासून बंद, शपथ घेतलंय," तो म्हणाला. मी म्हटले, "उद्या सोडू नको, आधी डॉक्टराकडे चल," आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक पावतीच्या मागे लिहून दिला. तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला. दारू सोडू नको म्हणणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असावा.