कित्तूर: चन्नम्मा राणीच्या वाड्यात

बेळगावहून हुबळीच्या वाटेवर तासाभरात कित्तूर लागतं. या रस्त्यानं मराठी गाड्या धारवाड-गोकर्णाकडे सुसाट जातात, किल्ल्याकडे वळणाऱ्या थोड्याच. किल्ला भुईकोट. खंदक, ढासळलेला तट, आत वाड्याच्या जाडजूड भिंती. त्यातल्या एका भिंतीत ध्रुवतारा पाहण्यासाठी बसवलेली नळी आहे. भर दुपारी तिला डोळा लावला, तर वाटीएवढं आभाळ दिसलं.

इथं उभं राहिल्यावर मराठी माणसाला पुणं आठवलंच पाहिजे. चन्नम्माचे पती, कित्तूरचे संस्थानिक मल्लसर्ज देसाई यांना दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात कैदेत ठेवलं. सुटले ते आजारी होऊनच, आणि १८१६ मध्ये गेले. म्हणून १८१८ मध्ये कित्तूर पेशव्यांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूनं उभं राहिलं. त्या मदतीची इंग्रजांनी केलेली परतफेड भयंकर होती. सप्टेंबर १८२४ मध्ये चन्नम्माचा सावत्र मुलगा, गादीवरचा शिवलिंगरुद्र सर्ज वारला. त्यानं दत्तक घेतलेला मुलगा धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे वारस म्हणून मान्य करेना. खजिन्याला मोहरा लावून तो फौजेसह किल्ल्याच्या दारात आला. गव्हर्नर जनरल डलहौसीनं असेच दत्तक नाकारून संस्थानं गिळली, पण ती वीस-पंचवीस वर्षांनंतर!

२३ ऑक्टोबर १८२४. किल्ल्याचा दरवाजा उघडला, कित्तूरकर तुटून पडले आणि त्यांच्यातल्या अमटूर बाळप्पाच्या गोळीनं थॅकरे कोसळला. स्टिव्हन्सन आणि इलियट हे दोन इंग्रज अधिकारी हाती लागले. मला राणीचं मोठेपण दिसतं ते यापुढे: तिनं त्यांना नीट सांभाळलं, बोलणी सुरू ठेवली, डिसेंबरात सोडूनही दिलं. तरी कमिशनर चॅप्लिननं तोफा आणल्याच. या दुसऱ्या लढाईत सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो मारला गेला, पण किल्ला पडला.

पुतळ्यांमुळे घोड्यावरची, तलवार उगारलेली राणीच आपल्याला माहीत असते. पुढची चार वर्षं ती बैलहोंगलच्या कैदेत होती. बाहेर तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा गनिमी काव्यानं लढू लागला, तोवर १८२९ उजाडलं होतं आणि कैदेतच राणीचा अंत झाला. रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. नंदगड बेळगावशेजारच्या आपल्या खानापूरजवळच.

कित्तूर पाहून तसेच हुबळीला जाऊ नका. बैलहोंगल जवळच आहे. राणीची समाधी तिथं आहे, आणि सोबत मुलं असतील तर आधी मल्लसर्जांची गोष्ट सांगा, मग थॅकरेची.